घरातल्या शर्यतीसाठी सेन्सर: अँट प्लस की ब्लूटूथ?

झ्विफ्ट या घरबसल्या सायकलिंगच्या ॲपवर शर्यत खेळायची, तर पॉवर (पेडल मारण्याची ताकद, वॅटमध्ये), केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) आणि हृदयगतीचे आकडे न अडखळता पोहोचायला हवेत. ट्रेनरने (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या यंत्राने) काही सेकंद आकडे पाठवले नाहीत, तरी पडद्यावरचा स्वार मंदावतो आणि पुढचा घोळका निसटतो. चढावर हे फार जिव्हारी लागतं.

अँट प्लस ही ब्लूटूथसारखीच आकडे बिनतारी पाठवण्याची पद्धत. तिचा सेन्सर रेडिओ केंद्रासारखा असतो: तो प्रक्षेपण करतो, ऐकणारे कितीही असोत. लॅपटॉप आणि हँडलवरचा सायकल-कॉम्प्युटर दोघांनाही एकाच वेळी पॉवर मिळते. मात्र लॅपटॉपला यूएसबी डोंगल, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा रिसीव्हर, लागतो. तो एक्स्टेन्शन केबलने ट्रेनरजवळ आणा. यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल बिघडू शकतो.

ब्लूटूथला डोंगल नको. आयपॅड किंवा ॲपल टीव्ही असेल तर मार्ग हाच, कारण त्यांना अँट प्लस थेट कळत नाही. पण बरेच जुने सेन्सर एका वेळी एकाच यंत्राशी जोडले जातात. एकदा शर्यतीच्या तोंडावर माझा हृदयगती-पट्टा लॅपटॉपला दिसेना. खिशातल्या फोनने तो आधीच धरून ठेवला होता!

लॅपटॉपवर, शेजारी दुसरं यंत्र नोंद घेत असेल तर मी अँट प्लसच निवडेन. फक्त टॅब्लेट असेल तर ब्लूटूथ. नवा सेन्सर मात्र दोन्ही बोलणाराच घ्या. आणि केवळ वेगाच्या सेन्सरवर शर्यतीला उतरू नका. त्यावरून पॉवरचा फक्त अंदाज बांधला जातो.