फोटो प्रिंटर घेताना झालेली फसवणूक: खोका आपल्यासमोरच उघडायला लावा

निपाणीतील आमच्या घरात आजोबांच्या काळातले कृष्णधवल फोटो बरेच आहेत. त्यांच्या प्रती आणि मुलांचे रंगीत फोटो घरीच छापता यावेत म्हणून बेळगावातील एका दुकानातून आम्ही सहा रंगांचा, शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर घेतला. ‘शाई भरून, सेटिंग करूनच देतो’ असे सांगून दुकानदाराने खोका आत नेला आणि चालू केलेले यंत्र बाहेर आणून आमच्या हवाली केले.

रंगीत फोटो सुरुवातीला ठीक दिसत होते. लबाडी उघडी पाडली ती कृष्णधवल फोटोंनी. आजीचे लुगडे ट्यूबलाइटखाली हिरवट दिसे आणि तीच प्रत उन्हात तांबूस वाटे. चकचकीत फोटो कागदावर करडी छटा बहुतेक घरगुती यंत्रे रंगीत शाईंच्या मिश्रणातून साधतात, त्यामुळे एका शाईत जरी फरक पडला तरी तो करड्यात लगेच उमटतो, रंगीत चित्रात मात्र लपून जातो. (ज्यांना मुख्यतः कृष्णधवलच छापायचे आहे, त्यांनी करडी शाई वेगळी असलेले यंत्र निवडावे.) पावसाळा सरेपर्यंत भिंतीवरच्या रंगीत फोटोंतला निळाही विटला. अखेर कोल्हापूरच्या एका जाणत्या कारागिराने यंत्र तपासले, तेव्हा टाक्यांत सुटी, दुय्यम शाई निघाली आणि यंत्राने आजवर किती पाने छापली हे दाखवणाऱ्या, यंत्रातूनच छापलेल्या अहवालात आम्ही छापलेल्या पानांच्या कित्येक पट आकडा आला. वापरलेले यंत्र नवे म्हणून विकून, वर कंपनीच्या शाईच्या बाटल्याही काढून घेतल्या होत्या. ज्या फोटोंची दुसरी प्रतच नाही, अशा फोटोंवर विसंबणाऱ्या माणसांशी असे वागावे, याचा संताप अजून जात नाही.

बिलावर नुसते ‘प्रिंटर’ लिहिले होते. मॉडेल नाही, अनुक्रमांक नाही. दुकानदाराने ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीवर बोट ठेवले. वास्तविक, बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि ती मुदत उलटली तरी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. आम्ही ती मागितली आहे.

म्हणून खोका आणि बाटल्यांची सीले आपल्यासमोर फोडून घ्यावीत, अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, पानांचा अहवाल आणि स्वतःचा एक कृष्णधवल फोटो दुकानातच छापून पाहावा. आधीच फसले असाल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि विटलेले फोटो, बिल व तो अहवाल जपून ठेवावा.