पिनोकिओ कोणता दाखवावा? जेपेत्तोच्या घरात डोकावून केलेली तुलना

पिनोकिओ या लाकडी बाहुल्याची मूळ गोष्ट इटालियन लेखक कार्लो कोल्लोदीची, आणि तीत बाहुला घडवणाऱ्या जेपेत्तो सुताराची खोली फार लहान आहे. एक मोडकी खुर्ची, एक खिळखिळी खाट, एक मोडायला आलेलं टेबल. समोरच्या भिंतीत चूल धगधगताना दिसते, पण ती रंगवलेली आहे. विस्तव रंगवलेला, त्यावर रटरटणारं भांडं रंगवलेलं, आणि त्या भांड्यातून निघणारी वाफसुद्धा खरी वाटावी अशी रंगवलेली. घरात शिजवायला काही नाही, म्हणून भिंतीवरच स्वयंपाक.

गेल्या मे महिन्यात बहिणीने विचारलं, "मुलांना पिनोकिओ दाखवायचाय, पण सापडतात पाच-सहा. कोणता लावू?" तिची मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकराचा. मी यातले बहुतेक चित्रपट एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहेत, म्हणून आवडीने उत्तर द्यायला बसले. तेव्हा लक्षात आलं की मला ही रंगवलेली चूलच मोजपट्टी म्हणून पुरते. प्रत्येक दिग्दर्शकाने जेपेत्तोच्या घरात काय ठेवलं आणि त्याने बाहुला का घडवला, एवढं पाहिलं की तो चित्रपट कुठल्या मुलासाठी आहे ते बरंचसं कळतं.

आधी पुस्तकाबद्दल थोडं, कारण तुलना शेवटी त्याच्याशीच होते. ही गोष्ट जुलै १८८१पासून इटलीतल्या मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर पिनोकिओला ओकच्या झाडाला फाशी देतात आणि कोल्लोदीने गोष्ट तिथेच संपवली होती. वाचकांनी गलका केला म्हणून ती पुढे सुरू झाली आणि १८८३ साली ३६ प्रकरणांचं पुस्तक निघालं. यातला जेपेत्तो मुलासाठी झुरणारा प्रेमळ म्हातारा नाही. त्याला नाचणारा, तलवार खेळणारा, कोलांट्या मारणारा कळसूत्री बाहुला हवा आहे, कारण तो घेऊन गावोगाव हिंडलं तर भाकरतुकडा मिळेल. शहाणपण शिकवणाऱ्या रातकिड्याला पिनोकिओ चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारतो. हे ऐकून ज्यांना धक्का बसतो, त्यांच्या मनात बहुधा १९४०चा पिनोकिओ असतो.

डिस्नेच्या त्या चित्रपटात जेपेत्तोचं घर उबदार आहे. फिगारो नावाचं मांजर आहे, क्लिओ नावाची सोनेरी मासोळी आहे, भिंतीभर लाकडी घड्याळं आहेत आणि ती एकदम वाजायला लागली की सहा वर्षांचं मूल टाळ्या पिटतं. चूल खरी आहे. उपासमार गेली आणि तिच्या जागी एकटेपणा आला, म्हणून हा जेपेत्तो ताऱ्याकडे पाहून मुलगा मागतो. मेलेला रातकिडा इथे टोपी-छत्री घेऊन पिनोकिओची सदसद्विवेकबुद्धी होऊन बसला. चित्रपट तयार होत असताना वॉल्ट डिस्नेला बाहुला फार लाकडी वाटला, म्हणून काम थांबवून तो अधिक गोंडस केला गेला आणि रातकिड्याची भूमिका वाढवली गेली. गोष्टीचा कणाच त्यामुळे बदलला. पुस्तकातला पिनोकिओ ठेचा खाऊन शिकतो. इथला पिनोकिओ भोळा आहे, त्याला योग्य वेळी सांगणारं कुणीतरी हवं, एवढंच.

तरीही लहान मुलांसाठी माझं मत याच चित्रपटाला आहे, आणि ते जुन्या आठवणींच्या प्रेमापोटी नाही. ८८ मिनिटांत यात एकही फुकट दृश्य नाही. सकाळी घंटा वाजते, कबुतरं उडतात, आणि कॅमेरा गावाच्या छपरांवरून खाली उतरत शाळेला निघालेल्या मुलांपर्यंत येतो. काचांच्या थरांवर वेगवेगळी चित्रं ठेवून साधलेला तो खोलपणा आजही डोळ्यांना खरा वाटतो. संगीत आणि गाणं, दोन्हींना ऑस्कर मिळालं. नाक खोटं बोलल्यावर वाढतं ते सगळ्या चित्रपटात एकदाच, पण त्या एका वेळी त्याला पानं फुटतात आणि टोकाला पक्ष्यांचं घरटं येतं. मुलांना तेच जन्मभर लक्षात राहतं.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवते. पोरं विड्या ओढतात, बिअर पितात आणि गाढवं होतात, तो मौजबेटाचा भाग फार भयंकर आहे. लॅम्पविक नावाचा पोरगा आईला हाका मारता मारता गाढव होतो, आणि तो बदल आपल्याला भिंतीवरच्या सावलीत दिसतो. माझी भाची ते पाहून रडली नाही. चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, "मावशी, पिनोकिओ घरी गेला. बाकीच्या मुलांना कोण आणणार?" चित्रपटाकडे याचं उत्तर नाही. गाढवं झालेली पोरं तिथेच राहतात. तुमच्या मुलाला असे प्रश्न पडत असतील तर शेजारी बसून पाहा, आणि झोपायच्या वेळी लावू नका.

याच चित्रपटाचा २०२२ साली डिस्नेनेच खऱ्या नटांना घेऊन नवा अवतार काढला. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, जेपेत्तो टॉम हँक्स. घरात पुन्हा घड्याळं आहेत, पण त्यांत डिस्नेच्याच इतर चित्रपटांतली पात्रं नाचतात. या घरात कोण राहतो हे सांगण्याऐवजी भिंती दुकानाची जाहिरात करतात. मौजबेटावर आता बिअर नाही, गोड पेय आहे, त्यामुळे मुलं नेमकी कशाला भुलली तेच कळत नाही. पिंजऱ्यात अडकलेला पिनोकिओ मुद्दाम खोटं बोलून नाक लांबवतो आणि किल्ली मिळवतो. कल्पना गमतीची आहे, पण खोटं बोलल्यावर वाटणारी लाज तिच्यामुळे उडून जाते. मूल आधीचं पाहून बसलं असेल तर याची गरज नाही, आणि पाहिलं नसेल तर आधीचंच दाखवा.

आता माझा सगळ्यात आवडता. माट्टेओ गार्रोने या इटालियन दिग्दर्शकाचा २०१९चा पिनोकिओ.

याची सुरुवातच भुकेने होते. जेपेत्तो चीजच्या तुकड्याचे कण पटाशीने खरवडून खातो. मग खाणावळीत जातो आणि मालकाला पटवू लागतो की तुझी टेबलं डगमगतात, खुर्च्या खिळखिळ्या झाल्यात, मी दुरुस्त करून देतो. सगळं धडधाकट असतं. मालकाला ते कळतं, जेपेत्तोलाही कळतं, आणि शेवटी त्याच्यापुढे जेवणाचं ताट येतं. मागितल्याशिवाय मागणं आणि दिल्यासारखं न दाखवता देणं, दोन्ही या एका दृश्यात आहेत. गावात बाहुल्यांचा खेळ येतो तेव्हा त्याला बाहुला घडवायची कल्पना सुचते, पुस्तकासारखीच, पोटासाठी. बाहुला बोलू लागल्यावर मात्र तो गावभर ओरडत सुटतो की मला मुलगा झाला. हे काम रोबेर्तो बेनिनीने केलं आहे. अंगावरचा कोट विकून मुलासाठी शाळेचं पुस्तक आणणारा बाप त्याच्याइतका खरा कुणी केलेला मी पाहिला नाही.

(याच बेनिनीने २००२ साली स्वतः दिग्दर्शन करून, पन्नाशीला टेकलेला असताना, पिनोकिओची भूमिका केली होती. इटलीतला तोवरचा सर्वांत खर्चिक चित्रपट. मोठा माणूस बाहुल्याचे कपडे घालून उड्या मारतो हे मुलांना पटत नाही. माझ्या घरी तो वीस मिनिटांत बंद झाला.)

गार्रोनेने संगणकावर फार भार टाकलेला नाही. फेदेरिको इएलापी या लहान मुलाच्या चेहऱ्यावर लाकडाच्या रेषांचा मुखवटा चढवला आहे आणि तो रोज तासन् तास रंगभूषेला बसत असे. रंगभूषा आणि वेशभूषा, दोन्हींना ऑस्करचं नामांकन मिळालं. परीची दासी असलेली गोगलगाय चालते तिथे खरोखर चिकट माग राहतो. गोरिला न्यायाधीशासमोर पिनोकिओ सांगतो की मला लुबाडलं, तर न्यायाधीश म्हणतो, इथे निरपराध्यांना तुरुंगात टाकतात. मग पोरगं घाईघाईने आपण केलेल्या चोऱ्या रचून सांगतं आणि सुटतं. अकरा वर्षांचा मुलगा हे पाहून इतका हसतो की चित्रपट थांबवावा लागतो, आणि मग तो विचारतो, असं खरंच असतं का. दोन तासांच्या चित्रपटातली ही दोन मिनिटं त्याच्याशी बोलायला मोठी संधी आहेत.

अडचणीही सांगते. झाडाला लटकवण्याचा प्रसंग यात आहे. औषध नको म्हणणाऱ्या पिनोकिओला न्यायला शवपेटी घेऊन आलेले काळे ससेही आहेत. चाल संथ आहे. प्रसंगामागून प्रसंग येतात आणि त्यांना बांधणारी दोरी सैल आहे, पण पुस्तकही तसंच आहे. शक्य असेल तर इटालियन आवाजात, खाली अक्षरं वाचत पाहा. इटलीच्या तोस्काना भागातल्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडी इंग्रजी बसत नाही. त्यामुळे मूल भराभर वाचू शकत असेल तरच. आठ-नऊ वर्षांच्या आत नको.

इटलीतल्या आजच्या आजी-आजोबांना विचारलं तर ते लुईजी कोमेनचिनीची १९७२ची दूरदर्शन मालिका सांगतील. तिथे हिवाळा आहे, बर्फ आहे, आणि नीनो मानफ्रेदीचा थकलेला जेपेत्तो आहे. बाहुल्याचा मुलगा करणारी परी म्हणजे नटी जीना लोल्लोब्रिजिदा. मालिकेने मूळ गोष्टीत एक धाडसी बदल केला: बाहुला सुरुवातीलाच खरा मुलगा होतो, आणि वागणं बिघडलं की पुन्हा लाकूड होतो. म्हणजे मुलगा होणं हे शेवटचं बक्षीस नाही, ते हातचं जाऊ शकतं. मोठ्यांसाठी ही मालिका खजिना आहे. मुलांपुढे लावण्याआधी मात्र दोन भाग स्वतः पाहून घ्या.

राहिला गिएर्मो देल तोरोचा २०२२चा पिनोकिओ, ज्याच्याविषयी सगळे विचारतात. नेटफ्लिक्सवर आला, सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेला. देल तोरोसोबत मार्क गुस्ताफसन दिग्दर्शक आहे. खऱ्या बाहुल्या केसभर हलवायच्या, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायच्या, अशा रीतीने हजारहून अधिक दिवस चित्रण चाललं. बाहुल्याची गोष्ट बाहुल्यांनीच सांगावी हे इतकं साधं आणि योग्य आहे की बाकीच्यांनी दुसरा मार्ग का धरला असं वाटतं.

या जेपेत्तोच्या घरात मेलेला मुलगा आहे. कार्लो नावाचा हा मुलगा पहिल्या महायुद्धात चर्चवर बॉम्ब पडून गेला. त्याच्या कबरीशेजारी वाढलेलं पाइनचं झाड जेपेत्तो वादळी रात्री, दारूच्या नशेत तोडतो आणि त्यातून बाहुला कोरतो. भूक नाही, हौस नाही, दुःख आणि राग आहे. म्हणून बाहुलाही ओबडधोबड आहे, अर्धवट सोडलेला, पाठीतून खिळे बाहेर आलेले. जेपेत्तोला कार्लो परत हवा असतो आणि आलेला पोरगा कार्लो नसतो. आई-बापांना हा चित्रपट मुलांपेक्षा जास्त लागतो तो इथे.

काळ मुसोलिनीच्या इटलीचा. मौजबेट नाही, त्याजागी पोरांना सैनिक करणारं फॅसिस्ट शिबिर आहे. इतर सगळ्या पिनोकिओंत न ऐकणं ही चूक असते. इथे सगळं गाव हुकूम पाळतं, आणि न ऐकणारा लाकडी पोरगा तेवढा माणूस ठरतो. चर्चमधल्या लाकडी येशूकडे पाहून तो विचारतो की तोही लाकडाचाच, मग लोकांना तो आवडतो आणि मी का नाही? जेपेत्तोला उत्तर देता येत नाही. मलाही आलं नाही. मोठ्या माशाच्या पोटात खोटं बोलून वाढवलेलं नाक बाहेर पडायची वाट होतं. झेमेकिसचीच युक्ती, पण इथे ती जीव वाचवते, म्हणून हलकी वाटत नाही.

मृत्यू यात सतत आहे. पिनोकिओ अनेकदा मरतो आणि परत येतो, काळे ससे त्याला पुन्हा पुन्हा वाहून नेतात. शेवटी तो खरा मुलगा होत नाही, लाकडीच राहतो, आणि त्याच्यावर माया करणारे एकेक करून म्हातारे होऊन जातात. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हे जाणूनबुजूनच दाखवा किंवा थोडे दिवस थांबा. दहा-अकरा वर्षांच्या पुढे, आणि सोबत कुणीतरी मोठं हवंच. त्या वयाच्या मुलाला मुसोलिनी कोण हे आधी पाच मिनिटं सांगितलं तर पिनोकिओ मुसोलिनीपुढे करतो तो टिंगलीचा प्रयोग जास्त पोचतो.

बहिणीला मी असं सांगितलं: धाकटीला १९४०चा, शनिवारी दुपारी. थोरल्याला आधी गार्रोनेचा, मग पंधरा दिवसांनी देल तोरोचा. उलट क्रमाने नको, कारण देल तोरोनंतर गार्रोनेचा शांतपणा फिका वाटतो, आणि मूळ गोष्ट माहीत नसेल तर देल तोरोने काय उलटवलं ते कळत नाही. दोघांना एकत्रच बसवायचं असेल आणि एकच संध्याकाळ असेल तर १९४०चा.

तिने तसंच केलं. गार्रोनेचा पाहून झाल्यावर भाच्याचा फोन आला. खाणावळवाल्याला सगळं कळत होतं ना मावशी, त्याने विचारलं, मग तो आधी का नाही बोलला?