बिझनेस लायब्ररीतून मर्जर-ॲक्विझिशनचा रिसर्च: कुठला डेटाबेस खरंच कामाचा?

कुठल्याही मोठ्या डीलबद्दल गूगल करून बघा, ढीगभर बातम्या येतात आणि त्यातल्या बहुतेक एकाच प्रेस रिलीजवरून पाडलेल्या असतात. आकडा तोच, दोन्ही सीईओंनी केलेलं एकमेकांचं कौतुक तेच, 'सिनर्जी' (एकत्र आल्यामुळे होणारा जादा फायदा) तर पहिल्या दोन ओळींत ठरलेलीच. प्रोजेक्टला, थिसिसला किंवा इंटरव्ह्यूच्या तयारीला एवढ्यावर भागत नाही म्हणून लोक बिझनेस लायब्ररीकडे वळतात आणि तिथली डेटाबेसची लांबलचक यादी बघूनच गारठतात. मी त्यातले बरेचसे वापरलेत, म्हणून हा रिव्ह्यू. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, हे डेटाबेस डील शोधून देतात, समजावून देत नाहीत, ते काम कागदपत्रांचं. एवढं डोक्यात ठेवलं की सब्स्क्रिप्शनवाल्या भारदस्त नावांचं दडपण येत नाही.

सुरुवात एसडीसी प्लॅटिनमपासून करावी लागते, कारण एम अँड ए (म्हणजे मर्जर-ॲक्विझिशन, कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी) वरचा अकॅडमिक पेपर उघडला की डेटाच्या सेक्शनमध्ये बहुतेक वेळा हेच नाव भेटतं. अमेरिकन टार्गेट (म्हणजे विकत घेतल्या जाणाऱ्या) कंपन्यांच्या डील्स १९७९ पासून आणि बाकी जगातल्या १९८५ पासून, इतका जुना आणि सलग डेटा दुसरीकडे मिळणं अवघड. आता तो लंडन स्टॉक एक्स्चेंज ग्रुपच्या एलएसईजी वर्कस्पेसमधून मिळतो, काही युनिव्हर्सिट्यांमध्ये डब्ल्यूआरडीएस या रिसर्च डेटाच्या प्लॅटफॉर्ममधूनही. याची खरी ताकद स्क्रीनिंगमध्ये आहे, म्हणजे अमुक वर्षांत, अमुक इंडस्ट्रीत, कॅशमध्ये पेमेंट झालेल्या आणि पूर्ण झालेल्या डील्स द्या म्हटलं की यादी हजर. पण फिल्टर न लावता यादी काढलीत तर त्यात काय काय येतं बघा, कोणी ५ टक्के स्टेक घेतलाय ते, कंपनीने स्वतःचेच शेअर्स परत घेतलेत ते, रिकॅपिटलायझेशन (कर्ज आणि शेअर्सची फेरमांडणी), स्पिनऑफ (एखादा विभाग वेगळी कंपनी करणं), सगळं एकाच यादीत. म्हणून डीलनंतर घेणाऱ्याकडे किती टक्के मालकी राहिली हा फिल्टर सगळ्यात आधी, ५० च्या वर ठेवायचा की सरळ १०० ते तुमच्या प्रश्नावर अवलंबून.

दुसरी भानगड तारखांची. एओएल आणि टाइम वॉर्नरची घोषणा जानेवारी २००० ची आणि डील पूर्ण झाली जानेवारी २००१ मध्ये, मग ही २००० च्या यादीत धरायची की २००१ च्या? दोन्ही बरोबर आहे, फक्त 'अनाउन्स्ड' आणि 'इफेक्टिव्ह' यातली कुठली तारीख घेतली ते रिपोर्टमध्ये लिहायला लागतं आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही. आणि स्टेटसचा कॉलम तर बघाच बघा. फायझर-ॲलर्गन ही नोव्हेंबर २०१५ मध्ये १६० अब्ज डॉलरची म्हणून प्रचंड गाजलेली डील, अमेरिकेच्या ट्रेझरीने टॅक्स इन्व्हर्जनचे (कर वाचवायला कंपनीचा पत्ता परदेशात हलवण्याचे) नियम आवळल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मोडली. स्टेटस न बघता २०१५ ची बेरीज मारली की मोडलेल्या लग्नाचा आहेरसुद्धा हिशोबात येतो.

आता किमतीबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एकाच डीलचा आकडा तीन डेटाबेसमध्ये तीन वेगवेगळे दिसले तर कोणीतरी चुकलंय असं लगेच समजू नका. एकट्या एसडीसीमध्येच दोन वेगळी फील्ड्स आहेत, एक ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू आणि दुसरी टार्गेटचं नेट कर्ज धरून केलेली रँक व्हॅल्यू, आणि कर्जबाजारी टार्गेट असेल तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फेसबुक-व्हॉट्सॲप घ्या. फेब्रुवारी २०१४ ची घोषणा, कुठे १६ अब्ज डॉलर लिहिलंय, कुठे १९, कुठे जवळपास २२, आणि गंमत म्हणजे तिन्ही खरे. ४ अब्ज कॅश आणि १२ अब्जांचे शेअर्स मिळून १६, त्यात व्हॉट्सॲपच्या फाउंडर आणि कर्मचाऱ्यांसाठीची ३ अब्जांची रिस्ट्रिक्टेड स्टॉक युनिट्स (टप्प्याटप्प्याने हातात येणारे शेअर्स) मिळवली की १९, आणि ऑक्टोबरमध्ये डील पूर्ण होईपर्यंत फेसबुकचा शेअर वर गेलेला म्हणून ते पॅकेज जवळपास २२ वर पोचलं. हे डेटाबेसच्या एका रकान्यात कधीच मावणार नाही. त्यासाठी कंपनीचं फायलिंगच, म्हणजे नियामकाकडे दाखल केलेलं कागदपत्र, उघडायला लागतं.

बाकीच्या डेटाबेसबद्दल भराभर सांगते. कॅपिटल आयक्यू मला सगळ्यात सोयीचा वाटतो, विशेषतः व्हॅल्युएशनसाठी, आधीच्या तशाच डील्सचे मल्टिपल्स (किंमत नफ्याच्या किंवा विक्रीच्या किती पट ते) काढायचे असतील तर, आणि कंपनीच्या आकड्यांवर क्लिक केलं की तो मूळ कुठल्या डॉक्युमेंटमधून आला ते दाखवतो, या एका सुविधेसाठी त्याला दहा गुन्हे माफ. एक्सेल प्लगइन शिकायला वेळ लागतो पण एकदा जमलं की सुटका नाही. मर्जरमार्केट वेगळ्या जातीचं आहे, तिथे पत्रकार बसून 'अमुक कंपनी विकायला निघालीय म्हणे' अशा बातम्या काढतात, त्यामुळे घोषणेच्या आधीची कुजबुज बघायला उत्तम, वर्षानुवर्षांच्या आकडेवारीला मी तिकडे जात नाही. झेफिर, ज्याचं नाव आता ऑर्बिस एम अँड ए झालंय, युरोपातल्या छोट्या डील्ससाठी बरा. आणि पिचबुक म्हणजे स्टार्टअप, व्हेंचर कॅपिटल, प्रायव्हेट इक्विटी यांचं घर. प्रायव्हेट कंपन्यांच्या बाबतीत मात्र सगळीकडेच अळीमिळी गुपचिळी असते, व्हॅल्यूच्या जागी 'अनडिस्क्लोज्ड' किंवा अंदाजाचा आकडा, आणि अंदाज कशावरून बांधलाय ते शोधून बघायची तयारी नसेल तर तो आकडा वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गंमत सांगायची राहिली. एम अँड ए चा हिशोब ठेवणारे हे डेटाबेस स्वतःच एम अँड ए मध्ये इकडून तिकडे गेलेत. कॅपिटल आयक्यू २००४ मध्ये मॅकग्रॉ-हिलने घेतलं, ते पुढे एस अँड पी ग्लोबल झालं. पिचबुक २०१६ मध्ये मॉर्निंगस्टारकडे गेलं. झेफिरवालं ब्युरो व्हॅन डाइक २०१७ मध्ये मूडीजने घेतलं. मर्जरमार्केटची मालक कंपनी ॲक्युरिस २०१९ मध्ये आयऑनने घेतली आणि एसडीसी तर थॉमसन, थॉमसन रॉयटर्स, रिफिनिटिव्ह अशी घरं बदलत २०२१ मध्ये लंडन स्टॉक एक्स्चेंज ग्रुपच्या पदरात पडलं. वाचायला मजा येते पण त्याचा त्रास असा की प्रोफेसर एक नाव सांगतात, जुन्या पेपरमध्ये दुसरं असतं आणि लायब्ररीच्या गाइडमध्ये तिसरं. शोधून नाही सापडलं तर डेटाबेस बंद झाला असं समजण्याआधी तो कोणी विकत घेतला ते बघा.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, आणि तो फुकट आहे. अमेरिकेच्या एसईसीचं, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाचं, एडगर, कंपन्यांच्या फायलिंग्जचा ऑनलाइन साठा. लायब्ररीच्या गाइडमध्ये बिचाऱ्याची लिंक कुठेतरी खाली असते, खरं तर सगळ्यात वर पाहिजे. टार्गेट अमेरिकन लिस्टेड कंपनी असेल तर तिथे जे मिळतं ते कुठलाच महागडा डेटाबेस देत नाही. करार झाल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत ८-के (महत्त्वाच्या घडामोडीची सूचना) फाइल करावा लागतो आणि मर्जर ॲग्रीमेंट बहुतेक वेळा एक्झिबिट २.१ म्हणून त्यालाच जोडलेलं असतं. पेमेंट शेअर्समध्ये असेल तर एस-४ (नव्या शेअर्सची नोंदणी) बघायचा, टार्गेटच्या शेअरहोल्डर्सचं मतदान असेल तर डीईएफएम १४ए (मतदानाआधी त्यांना पाठवलेलं प्रॉक्सी स्टेटमेंट), आणि टेंडर ऑफर (थेट शेअरहोल्डर्सकडून शेअर्स घेण्याची ऑफर) असेल तर घेणाऱ्याचा टीओ-टी आणि त्यावर टार्गेटच्या बोर्डाचं उत्तर म्हणजे १४डी-९. नावं विचित्र आहेत पण चार-पाचच पाठ करायची आहेत.

त्यातलं डीईएफएम १४ए उघडा आणि 'बॅकग्राउंड ऑफ द मर्जर' हा भाग काढा. कोण कोणाला कधी भेटलं, पहिली ऑफर कितीची आली, बोर्डाने काय म्हटलं, सगळं तारीखवार. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लिंक्डइन घेतलं तेव्हा बातम्यांमध्ये एवढंच होतं की २६.२ अब्ज डॉलर, शेअरमागे १९६ डॉलर, आदल्या क्लोजिंगपेक्षा ४९.५ टक्के जास्त. प्रॉक्सी स्टेटमेंटमध्ये दिसतं की मायक्रोसॉफ्टची सुरुवात १६० डॉलरपासून झाली होती आणि मध्ये एक 'पार्टी ए' सतत बोली वाढवत होती, जी सेल्सफोर्स होती हे नंतर बाहेर आलं. प्रीमियम एवढा का मोजला याचं उत्तर तिथे मिळतं, सिनर्जीच्या स्लाइडमध्ये नाही. त्याच फायलिंगमध्ये इन्व्हेस्टमेंट बँकेचं फेअरनेस ओपिनियन (किंमत रास्त आहे की नाही यावरचं मत) असतं, डिस्काउंट रेट (भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) कुठल्या रेंजमध्ये धरला, कुठल्या डील्सशी तुलना केली, व्हॅल्युएशन शिकायचं असेल तर ते वाचाच. फक्त ते ओपिनियन देणाऱ्या बँकेच्या फीचा मोठा भाग डील झाली तरच मिळणारा असतो बऱ्याचदा, तेही तिथेच लिहिलेलं असतं, तो पॅराग्राफ आधी वाचा मग आकडे.

एडगरची मर्यादा पण आहे. फुल टेक्स्ट सर्च २००१ पासूनचाच, त्याआधीचं शोधायला कंपनीचं नाव आणि फॉर्म टाइप घेऊन हाताने जायला लागतं. आणि टार्गेट प्रायव्हेट असेल तर तिच्या बाजूचं प्रॉक्सी स्टेटमेंटच नसतं. ॲडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये फिग्मा २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, डिसेंबर २०२३ मध्ये डील सोडून दिली आणि १ अब्ज डॉलर टर्मिनेशन फी भरली, यातलं जे अधिकृत मिळतं ते ॲडोबीच्या बाजूचं.

अशा वेळी स्पर्धा आयोगांची कागदपत्रं उपयोगी पडतात आणि ती फार कमी लोक बघतात. युरोपियन कमिशन आपले मर्जरचे निर्णय साइटवर टाकतं, प्रत्येक केसला एम पासून सुरू होणारा नंबर, फेसबुक-व्हॉट्सॲपचा एम ७२१७, मायक्रोसॉफ्ट-ॲक्टिव्हिजनचा एम १०६४६. मार्केट म्हणजे नेमकं काय धरायचं, खरे स्पर्धक कोण, ग्राहक बदलतात कसे, यावर पानंच्या पानं. मार्केट शेअरचे आकडे गोपनीय म्हणून कंसात रेंज देऊन झाकलेले असतात, २० ते ३० टक्के वगैरे, तरी विकतच्या मार्केट रिपोर्टपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण इथे खोटी माहिती दिली तर दंड होतो. फेसबुकला व्हॉट्सॲपच्याच केसमध्ये दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल २०१७ मध्ये ११ कोटी युरोचा दंड झाला होता.

बातम्यांसाठी फॅक्टिव्हा किंवा नेक्सिस युनी, दोन्हींपैकी तुमच्या लायब्ररीत जे असेल ते. कंपनीचं नाव टाकून सगळं वाचत बसू नका, विषयाचा कोड लावून मर्जर-ॲक्विझिशनपुरतं गाळा आणि घोषणेच्या आधीचे काही महिने बघा, नंतरचे नाही. खूप जुन्या डील्स असतील, म्हणजे १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गनने उभी केलेली यू. एस. स्टील वगैरे, तर मर्जंट आर्काइव्हजमधले स्कॅन केलेले मूडीज मॅन्युअल्स (कंपन्यांच्या माहितीची जुनी पुस्तकं) आणि जुनी वर्तमानपत्रं, तिथे सर्च बॉक्सपेक्षा चिकाटी जास्त कामाला येते.

आता तक्रारी. एक तर ॲक्सेस. लायसन्स बहुतेक वेळा चालू विद्यार्थी आणि स्टाफपुरतंच, पास आउट झालं की लॉगिन गेलं, आणि व्यावसायिक कामाला वापरायची परवानगी सहसा नसते, तेव्हा इंटर्नशिपच्या बॉससाठी लायब्ररीतून डेटा उपसण्याआधी अटी वाचा. काही ठिकाणी एका वेळी किती जणांनी लॉगिन करायचं याला मर्यादा, काही टर्मिनल्स फक्त प्रत्यक्ष जाऊनच वापरता येतात, डाउनलोडच्या ओळींना कॅप. एका डेटाबेसमध्ये तर बारा फिल्टर लावून झाल्यावर सेशन उडालं आणि सर्च सेव्ह होत नव्हता, तेव्हापासून मी प्रत्येक क्वेरी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवते, कुठला फिल्टर, कुठल्या तारखेला काढला, किती ओळी आल्या. डेटा मागून बदलतो, नव्या डील्स जुन्या वर्षांत भरल्या जातात, त्यामुळे मेथडॉलॉजी लिहिताना ही फाइल लागतेच.

आणि लायब्ररियनना विचारा हो. लोक लाजतात का कळत नाही. 'मला मर्जरबद्दल माहिती हवी' असं मोघम नाही, 'या इंडस्ट्रीतल्या, या वर्षांमधल्या, पूर्ण झालेल्या डील्सचे मल्टिपल्स हवेत, एक्सेलमध्ये' असं विचारा, बिझनेस लायब्ररियन नुसता डेटाबेसच नाही तर फील्डचं नाव सुद्धा सांगतात. जे सब्स्क्रिप्शन नाही त्याचा ट्रायल कधी लागतो, शेजारच्या लायब्ररीत वॉक-इन चालतं का, एखादा रिपोर्ट इंटरलायब्ररी लोनने मागवता येतो का, हे त्यांनाच माहीत असतं. मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री ईमेल टाकू नका, मागवलेला रिपोर्ट यायला दिवस लागतात.