घोड्यांच्या कुरणासाठी विद्युत पट्टीचे कुंपण : वर्षभराच्या वापरानंतर

काटेरी तारेत पाय अडकून आमच्या घोडीची नडगी सोलली गेली, त्यानंतर ती तार काढून आम्ही ४० मिलिमीटर रुंदीच्या पांढऱ्या विद्युत पट्टीचे (धातूचे धागे विणलेल्या, स्पर्श होताच विजेचा झटका देणाऱ्या पट्टीचे) कुंपण घातले. बिथरलेला घोडा वाट फुटेल तिकडे धावतो आणि बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही. ही पट्टी मात्र दुरूनच नजरेत भरते. पहिल्या दिवशी घोडीने नाक लावून पाहिले, फुरफुरत मागे सरकली आणि पुन्हा कधी कुंपणाला अंग घासले नाही.

खरा लाभ कुरणाला झाला. हलक्या खुंट्यांमुळे त्याचे चार भाग पाडता येतात आणि गवत साधारण ८ सेंटिमीटरपर्यंत उतरले की घोडी पुढच्या भागात नेता येते; त्यामुळे गवताची मुळे तग धरतात, शिवाय बुडख्यापर्यंत चरताना पोटात जाणारी माती आणि कृमींच्या अळ्याही कमी होतात. (लीद उचलण्याचे काम अर्थातच आपल्यालाच करावे लागते.)

उणिवाही आहेत. वाऱ्यात पट्टी फडफडते, इन्सुलेटरपाशी (खुंटीवर पट्टी धरणाऱ्या, वीज न वाहू देणाऱ्या तुकड्यापाशी) घासते आणि आतले धातूचे धागे तुटतात. वरून ती धडधाकट दिसते, पण पुढे प्रवाह पोहोचत नाही. ओले गवत टेकले तरी झटका मंदावतो, म्हणून दर आठवड्याला टेस्टर लावणे आणि खालचे गवत कापणे भाग पडते. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही, म्हणून कोरड्या दिवसांत जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईभोवती पाणी ओतावे लागते, याचा माहितीपत्रकात उल्लेखही नाही. आतल्या विभागणीसाठी ही पट्टी मी निःशंकपणे सुचवीन; रस्त्याकडेच्या हद्दीला मात्र आम्ही भक्कम लाकडी कुंपणच ठेवले आहे.