मुंबई–नागपूर विमान: तिकिटावर दीड तास, घर ते घर पाच

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरचा हिशेब धरला तर जेटला पाऊण-एक तास पुरेल असं वाटतं, पण वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. यात लबाडी नाही. तो वेळ इथल्या गेटपासून तिथल्या गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथली रांग, चढणं-उतरणं सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. म्हणून नागपूरहून येताना मुंबईच्या आभाळात बऱ्याचदा घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारेही परतीला समोरून येतात. जाणं झटपट, येणं रेंगाळत, हे गृहीत धरूनच संध्याकाळचं काम ठरवा.

खरा वेळ जमिनीवर जातो. दादरहून विमानतळ पाऊण तास, तिथे दीड तास आधी पोचणं, दीड तास विमान, बॅगेसाठी वीस-पंचवीस मिनिटं, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून शहरातल्या सीताबर्डीला अर्धा तास. झाले जवळपास पावणेपाच तास. ठाणे-कल्याणकरांनी सहा धरावेत. वेब चेक-इन केलं म्हणून निवांत राहू नका. बॅग द्यायची असेल तर काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, मग बोर्डिंग पास हातात असूनही बॅग घेत नाहीत. हातात ७ किलो, खाली १५ किलो ही साध्या तिकिटाची नेहमीची मर्यादा. संत्र्यांची पेटी आणणाऱ्यांनी वजन घरीच करावं.

तिकिटावर टर्मिनल १ की २, हे आदल्या दिवशी पुन्हा बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत, तेव्हा स्वस्त दिसणारं तिकीट उलव्याच्या या नव्या विमानतळाचं निघू शकतं. बोरिवलीकराची बचत टॅक्सीत जाईल, पनवेलकराला मात्र ते सोन्यासारखं.

उशीर टाळायचा तर सकाळचं पहिलं विमान घ्यावं. तेच विमान दिवसभर शहरांमधून फिरतं आणि प्रत्येक फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या डोक्यावर येतो. रात्रीच्या फेरीला तो सगळा भोगावा लागतो. पहाटे मेट्रो ३ मिळत नाही, टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की भाडं कडाडतं. त्या आठवड्यांचं तिकीट आधीच काढलेलं बरं.

रेल्वेने जायचं तर रात्रीची दुरांतो ८३७ किलोमीटर सुमारे ११ तासांत नेते, पण ते तास झोपेतले. सकाळी दहाची मीटिंग असेल तर मला तीच सरस वाटते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग चौघांना गाडीने परवडतो. एकट्याने गाडी हाकत जाऊ नये, सरळ रस्त्यावर डोळा लागतो. त्याच दिवशी परत यायचं असेल तर मात्र विमानाला तोड नाही.

नागपुरात मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान असेल तर सरळ ऑटो करा. वर्ध्याला जाणाऱ्यांची चैन आहे. बाहेर पडलं की वर्धा रोड, शहरात शिरायचं कामच नाही.