गॉसपोर्टची हॉलंड वन पाणबुडी: पाचपैकी पाच

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला जाणारे बहुतेक जण ॲडमिरल नेल्सनची व्हिक्टरी ही जुनी युद्धनौका बघून परत फिरतात, पण प्लीज बोटीत बसून पलीकडे गॉसपोर्टला जाच, तिथं रॉयल नेव्हीचं सबमरीन म्युझियम आहे आणि त्यात हॉलंड वन ठेवलीये. ब्रिटिश नेव्हीची ही पहिली पाणबुडी, 1901 मध्ये बॅरोला विकर्सच्या यार्डात पाण्यात उतरवलेली, डिझाइन जॉन हॉलंड या आयरिश माणसाचं.

विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी बघितलेल्यांना ही अगदीच पिटुकली वाटेल. कुरसुरा नव्वद मीटरच्या वर, ही जेमतेम साडेएकोणीस. पण आत गेलात की कळतं, सगळा मिळून एकच डबा आहे, इंजिन, बॅटऱ्या, टॉर्पेडोची नळी आणि आठ माणसं, मध्ये भिंत म्हणून नाही. इंजिन तर पेट्रोलचं, त्या बंद जागेत! वाफ आणि विषारी गॅस साठला तर आधी कळावं म्हणून पांढरे उंदीर ठेवायचे. पेरिस्कोपची गंमत तर भारीच, समोर बघितलं की चित्र सरळ, बाजूला वळवलं की आडवं आणि मागे बघितलं की चक्क उलटं, आणि यातून बघून शत्रूच्या जहाजावर नेम धरायचा, खरंच कमाल माणसं होती ती.

लढाई मात्र तिच्या वाट्याला आलीच नाही. 1904 मध्ये रशियन आरमारानं नॉर्थ सीमध्ये ब्रिटिश मच्छीमार बोटींवर चुकून गोळीबार केला तेव्हा त्या रशियन जहाजांवर हल्ला करायला बाकीच्या पाणबुड्यांबरोबर हीसुद्धा निघाली होती, पण हल्ल्याआधीच परत बोलावलं. 1913 ला 410 पौंडांत भंगारात विकली आणि ओढून नेताना वादळात एडिस्टोन दीपगृहाजवळ बुडाली, आत कोणी नव्हतं हे नशीब.

1981 ला सापडली, पुढच्या वर्षी वर काढली आणि एवढी वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेली तिची बॅटरी साफ करून ॲसिड भरून चार्ज केली तर चालली! मला सगळ्यात जास्त कौतुक मात्र जतन करणाऱ्यांचं. लोखंडात मुरलेलं मीठ काही सुटेना, गंज वाढतच चालला, तेव्हा अख्खी पाणबुडी मोठ्या टाकीत सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात काही वर्षं बुडवून ठेवली आणि मग हवेतला दमटपणा कंट्रोल करणारा वेगळा हॉल बांधून त्यात ठेवली. पत्र्याला जवळून बघा, गंजानं खाल्लेले खड्डे स्पष्ट दिसतात, रंग फासून लपवलेले नाहीत, हे मला फार आवडलं.

तिथली दुसरी मोठी पाणबुडी अलायन्स, तीही मस्तच आहे आणि गर्दी सगळी तिकडेच असते. पण आधी हॉलंड बघा मग अलायन्स, उलट केलंत तर दमून हिच्याकडे पाच मिनिटांत उरकायला होतं.