ग्नूकोबोल ३.२: चुकीचा आकडा पकडायला कितपत कामाचा?

रावेर-यावलची केळी खरेदी असो की धरणगावकडचं जिनिंग, हिशोबाचा जुना कोबोल (व्यवहारी हिशोबाची जुनी संगणक भाषा) प्रोग्राम अडतो तो बहुधा एकाच कारणानं: आकड्याच्या रकान्यात आकडाच नसतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या संगणकावर) असा प्रोग्राम एस०सी७ ही चूक देऊन जागीच बंद पडतो, एएस/४०० ह्या आयबीएमच्याच मध्यम आकाराच्या संगणकावर डेसिमल डेटा एरर येतो. तोच प्रोग्राम साध्या पीसीवर ग्नूकोबोलनं चालवायचा असेल, तर त्याचं वागणं आधी नीट समजून घ्यावं.

ग्नूकोबोल म्हणजे पूर्वीचा ओपनकोबोल. मोफत आहे, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतो. कोबोलचं आधी सी भाषेत रूपांतर करतो आणि मग कंपाइल करतो, म्हणजे यंत्राला चालवता येईल असा करतो. ३.२ ही आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली; हा आढावा तिचाच.

मोठी उणीव आधी सांगतो. नुसतं कंपाइल केलं, तर चुकीच्या आकड्यावर हा बोलतच नाही. तोलाईच्या रकान्यात नुसत्या स्पेस असल्या तरी बेरीज पुढं सरकते, पट्टी छापली जाते आणि शेतकऱ्याच्या हातात चुकीची रक्कम पडते. म्हणून कंपाइल करताना 'डीबग' पर्याय लावाच. मग असा रकाना गणितात शिरताच प्रोग्राम थांबतो आणि रकान्याचं नाव, त्यातला मजकूर आणि सोर्समधली ओळ दाखवतो. सोबत 'एफडंप=ऑल' दिलं, तर थांबतेवेळी सगळ्या रकान्यांत काय होतं तेही छापतो. हेक्स डंप (मेमरीतल्या बाइटची कच्ची छपाई) उलगडत बसणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको.

पण पकडणं वेगळं आणि रोखणं वेगळं. रोखायचं तर घाण येते कुठून ते पाहावं लागतं.

पहिली जागा ग्रुप मूव्ह, म्हणजे रकान्यांच्या अख्ख्या गटात एकदम भरणं. अख्ख्या रेकॉर्डवर 'मूव्ह स्पेसेस' केलं की आतले कॉम्प-३ (एका बाइटमध्ये दोन अंक दाबून बसवणारे) रकानेही स्पेसनं भरतात. एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ (चिन्ह, ७ पूर्णांक आणि २ दशांश अंक) म्हणजे ५ बाइट, १,२५,०००.५० ही रक्कम त्यात हेक्समध्ये (१६ च्या पायावर) ०१ २५ ०० ०५ ०सी अशी बसते. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं: सी अधिक, डी उणे, एफ बिनचिन्ही. स्पेसचा बाइट पीसीवर २०, मेनफ्रेमवर ४०. दोन्हींत शेवटी ० येतो आणि ० हे चिन्हच नव्हे. त्याऐवजी 'इनिशियलाइझ' वापरा, ते आकड्याच्या रकान्यात शून्य भरतं. मात्र ते फिलर (बिननावाचे) आणि रीडिफाइन्स केलेले (त्याच जागेला दुसरं नाव दिलेले) रकाने सोडून देतं, ते हातानं भरावे लागतात.

दुसरी जागा लाइन सिक्वेन्शियल फाइल, म्हणजे एका ओळीत एक रेकॉर्ड असलेली टेक्स्ट फाइल. ओळ आखूड असली की उरलेली जागा स्पेसनं भरली जाते. एडिटरनं ओळीच्या शेवटच्या स्पेस कापल्या, तर शेवटचा हमालीचा रकाना रिकामा येतो. अशा फाइलीत कॉम्प-३ कधीच ठेवू नका.

तिसरी जागा एक्सेल. १,२५,००० मधले स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह आणि आपल्याकडे हमखास येणारे देवनागरी अंक. यूटीएफ-८ मध्ये एक देवनागरी अंक ३ बाइटचा असतो, कोबोलला तो आकडा वाटत नाही. 'इफ न्यूमेरिक' इथं अपुरं पडतं, कारण मजकुराच्या रकान्यातला १२५०.५० त्याला दशांश चिन्हामुळे चालत नाही. क्रम असा ठेवा: रकाना मजकूर म्हणून वाचा, रिकामा आहे का ते वेगळं तपासा, देवनागरी अंक बदला, स्वल्पविराम काढा, मग मजकुराचा आकडा होतो का ते तपासणारं 'टेस्ट-नमव्हॅल' चालवा. उत्तर ० आलं तरच 'नमव्हॅल'नं मूळ रकान्यात घ्या. नाहीतर ती ओळ पावती क्रमांकासह नाकारलेल्यांच्या फाइलीत टाका. तिथं गुपचूप शून्य घालू नका. शून्य दर आणि न भरलेला दर ह्यांत शेतकऱ्याच्या पैशाचा फरक आहे.

चौथी जागा सर्वांत घातक. मेनफ्रेमवरून कॉम्प-३ असलेली फाइल टेक्स्ट मोडमध्ये आणली की प्रत्येक बाइटचं अक्षर समजून रूपांतर होतं. शेवटचा ५सी हा बाइट तिथं तारांकन आहे, पीसीवर तारांकन २ए. म्हणजे ५ च्या जागी २ आला, आणि ए हेही आयबीएमच्या यंत्रात अधिकचं चिन्ह म्हणून चालतं. अशा वेळी चिन्हाच्या तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही. फाइल बायनरी मोडमध्येच आणा आणि एकूण बेरीज दोन्हीकडे ताडून पाहा. आकडा डिस्प्ले (एका बाइटमध्ये एक अंक) असेल तर उणे चिन्ह शेवटच्या अक्षरात दडलेलं असतं; त्यासाठी 'एफसाइन=एबसिडिक' (एबसिडिक ही मेनफ्रेमची अक्षरसंहिता) हा पर्याय आहे.

उलटा धोकाही आहे. मूळ सेटिंगवर ग्नूकोबोल व्हॅल्यू (सुरुवातीची किंमत) न दिलेले वर्किंग-स्टोरेजमधले (प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीतले) आकडे स्वतःहून शून्य करतो. इथं सुरळीत चाललेला प्रोग्राम मेनफ्रेमवर त्यामुळेच पडू शकतो, तेव्हा प्रत्येक बेरजेच्या रकान्याला 'व्हॅल्यू झीरो' लिहा.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो मूळ सेटिंगवरच्या गप्प राहण्यासाठी. 'डीबग'नं वेग कमी होतो. पण बाहेरची फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामावर तो कायम ठेवा, आणि व्याज आकारणीसारख्या लांब कामांवरून काढायचा असेल तर आत येणारी प्रत्येक फाइल तपासली जाते याची खात्री झाल्यावरच काढा.